मोठे टायर, जुनेच गियर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे: फोर-बाय-फोरला मोठे टायर घालायचेत, पण डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनला (इंजिनाची ताकद शेवटी चाकांकडे वळवणाऱ्या गियरच्या जोडीला) हात लावायचा नाही. कुठवर जाता येईल?

उत्तरांत आकडे येणार आहेत, म्हणून टायरचा व्यास कसा काढायचा ते आधी सांगून ठेवतो. २३५/७५ आर१५ मध्ये २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी. टायरच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ७५ टक्के, आणि डिस्क १५ इंची. भिंत वर आणि खाली अशी दोनदा मोजायची: २३५ × ०.७५ × २ = ३५२.५. त्यात डिस्कचे १५ × २५.४ = ३८१ मिळवले की व्यास ७३३.५ मिमी. नवा व्यास जुन्यापेक्षा जितके टक्के जास्त, जवळपास तितके टक्के गाडीची ओढ कमी. पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळेच गियर एकदम लांब होतात, म्हणजे इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते.

प्रश्न : माझी पाच दारांची मॅन्युअल जिम्नी आहे, टायर कंपनीचेच १९५/८० आर१५. पाटण-कोयना पट्ट्यात कच्च्या रस्त्यावर गाडी खाली घासते. २३५/७५ आर१५ घाल म्हणून मित्र मागे लागलेत. कुंभार्ली घाट नेहमीचाच आहे. गियर न बदलता चालेल का? — एक वाचक, कराड

उत्तर : गाडी चालेल, पण घाटात तुम्हाला ते आवडणार नाही. कंपनीच्या टायरचा व्यास ६९३ मिमी, नव्याचा ७३३.५. वाढ ५.८ टक्के. मॅन्युअल जिम्नीचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे क्राउन-पिनियनचा रेशो, ४.०९ आहे, तो आता ३.८६ असल्यासारखा वागेल. पाचव्या गियरमध्ये ताशी ८० किमीला इंजिन सुमारे २५०० आरपीएमवर फिरायचं, ते २३७० वर येईल. ऐकायला बरं वाटतं. पण हे टर्बो नसलेलं १.५ लिटर पेट्रोल इंजिन आहे. टॉर्क १३४ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. आरपीएम उतरले की या इंजिनाचा जोरही उतरतो. चढाला पाचवा ओढणार नाही, म्हणून चौथा टाकाल. तिथे त्याच वेगाला आरपीएम २८०० च्या वर जातात, म्हणजे जुन्या पाचव्यापेक्षाही जास्त. घाटभर हात गियरच्या दांड्यावरच राहतो.

मोठ्या टायरने ४-लो (चारही चाकं ओढणारा, सर्वांत सावकाश टप्पा) बिघडेल ही भीती मात्र फारशी खरी नाही. पहिल्या गियरमध्ये लो घातलं की एकूण रेशो ३६ च्या आसपास असतो. हजार आरपीएमला गाडी ताशी ३.६ किमीने सरकायची, ती ३.८ ने सरकेल. दगडांवर हा फरक पायाला कळतही नाही. त्रास होतो तो २-हायमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात त्या नेहमीच्या टप्प्यात), भरल्या गाडीने चढावर उभं राहून निघताना आणि उतारावरच्या अंगणातून रिव्हर्स काढताना. तिथे क्लच जरा जास्त वेळ अर्धवट धरावा लागतो आणि जळका वास येतो.

स्पीती किंवा लडाखचा बेत असेल तर आणखी एक हिशोब आहे. साडेचार हजार मीटरवर हवा इतकी विरळ असते की टर्बो नसलेल्या इंजिनाची एक तृतीयांशाहून जास्त ताकद जाते. कराडला जेमतेम चालणारं गियरिंग तिथे क्लचवर उठतं.

आता मुळाशी या. घासतं नेमकं काय? गाडीखाली वाकून ओरखडे बघा. डिफरन्शियलचा गोळा घासत असेल तर उपाय टायर हाच. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीला कितीही लिफ्ट किट लावलं तरी चाकांना जोडणाऱ्या ताठ दांड्यात बसलेला गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो. मात्र टायरच्या व्यासात वाढलेल्या ४०.५ मिमीपैकी गोळ्याखाली निम्मेच मिळतात, जेमतेम २० मिमी. उलट ओरखडे बंपरच्या कडेला, ट्रान्सफर केसखाली (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीखाली) किंवा दोन अ‍ॅक्सलच्या मधल्या चासीवर असतील, तर दीड-दोन इंच उंच स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक पुरे. गियरिंगला धक्काही लागत नाही.

आमचा कौल २१५/७५ आर१५ एटीला (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर). व्यास ७०३.५ मिमी, वाढ दीड टक्का. उंचीत मिळतात फक्त पाच मिमी, ते आधीच सांगतो, पण चिखलातली पकड आणि भिंतीचा टणकपणा यांत मोठा फरक पडतो. शिवाय हा बोलेरोचा साइज आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावीही मिळतो.

एवढं सांगूनही २३५ च घालणार असाल तर किंगपिनची (पुढचं चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांची) बेअरिंग आधी तपासून घ्या. पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत जड टायर, कच्चं बॅलन्सिंग आणि ढिली किंगपिन बेअरिंग एकत्र आली की ६०-७० च्या वेगाला खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग थडथड उडू लागतं. टायरवाला पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून देतो, दोष असतो बेअरिंगच्या प्रीलोडमध्ये, म्हणजे ते किती घट्ट आवळलंय त्यात.

प्रश्न : जुनी थार सीआरडीई आहे, टायर २३५/७० आर१६. त्याजागी १५ इंची डिस्कवर ३१ × १०.५ घालायचे आहेत. जागा व्हावी म्हणून पुढचे टॉर्शन बार पिळून गाडी उचलू का? — एक वाचक, इगतपुरी

उत्तर : टॉर्शन बारचं (स्प्रिंगऐवजी पिळून ताण घेणाऱ्या दांड्याचं) आधी. थोडंफार पिळणं, म्हणजे बसलेली गाडी मूळ उंचीला आणण्यापुरतं, ठीक. त्यापुढे गेलात की ड्राइव्ह शाफ्टचे कोन तिरके होतात, रबरी बूट फाटतात, आत चिखल शिरतो आणि सांधा कटकट वाजू लागतो. वरचे बॉल जॉइंटही लवकर ढिले होतात. आणि सस्पेन्शनला खाली जायला प्रवास उरत नाही, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी हवेत लटकतं. चार पैसे वाचवायला जाऊन दोन शाफ्ट गमावायची ही रीत आहे.

टायरचं म्हणाल तर ३१ इंच म्हणजे ७८७ मिमी. तुमचा सध्याचा ७३५.४. वाढ ७ टक्के. २.५ लिटरचं हे डिझेल २४७ न्यूटन-मीटर देतं, पण १८०० ते २००० आरपीएमच्या पट्ट्यात. टर्बो जागा होण्याआधी गाडी मुळातच सुस्त असते, त्यात ७ टक्के गेले की कसारा घाटात ट्रकमागून निघताना ती सुस्ती स्पष्ट जाणवते. क्लच लवकर जातो तो इथेच.

२४५/७५ आर१६ घ्या. व्यास ७७३.९, वाढ ५.२ टक्के, डिस्कही बदलायला नको. या इंजिनाला न बदललेल्या गियरवर आम्ही हीच लक्ष्मणरेषा मानतो. १०.५ इंच रुंद टायरसाठी बाहेर निघालेल्या ऑफसेटच्या डिस्क घ्याव्या लागतात. मग चाकाचा भार बेअरिंगवर आणखी बाहेरून येतो, स्टिअरिंग जड होतं आणि चाकाने उडवलेला चिखल थेट दारावर बसतो.

प्रश्न : २०२० च्या मॉडेलची थार, डिझेल ऑटोमॅटिक. २४५/७५ आर१६ काढून २६५/७५ आर१६ घातले. अ‍ॅव्हरेज १२.५ वरून ११ वर आलं आणि घाटात गियर सारखे वर-खाली होतात. मेकॅनिक म्हणतो डिफरन्शियलचे गियर बदला. — एक वाचक, पिंपरी

उत्तर : गियर बदलू नका. आधी अ‍ॅव्हरेजचा हिशोब दुरुस्त करा. नवे टायर ८०३.९ मिमी, जुने ७७३.९. वाढ ३.९ टक्के. चाक मोठं झालं तरी ओडोमीटर जुन्याच घेराने अंतर मोजतो. तो १०० किमी दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०४ किमी गेलेली असते. म्हणजे ११ चं खरं ११.४ झालं. उरलेली तूट टायरचं वजन आणि खडबडीत नक्षी यांची, ती कुठल्याही गियरने भरून येत नाही.

वेगाच्या काट्याचंही तेच. कंपन्या काटा सहसा थोडा पुढेच दाखवतात, त्यामुळे एवढ्या वाढीनंतर तो खऱ्याच्या जवळ येतो. तरी मोबाइलच्या जीपीएसशी ४०, ६० आणि ८० ला एकदा ताडून पाहा आणि तो फरक लक्षात ठेवा. एक्सप्रेसवेवरच्या कॅमेऱ्याला तुमच्या टायरचा साइज माहीत नसतो.

गियर वर-खाली होण्याचं कारण साधं आहे. गियरपेटीचा संगणक जुन्या चाकावर बेतलेला आहे. तो वरचा गियर टाकतो, तिथे ओढ कमी पडते, लगेच खालचा घेतो. प्रत्येक अदलाबदलीत टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमधला क्लचच्या जागचा भाग) सुटतो आणि तेल तापतं. घाट सुरू झाला की मॅन्युअल मोडमध्ये जाऊन तिसरा किंवा चौथा धरून ठेवा. उतरतानाही तेच करा, कारण जड चाकाला थोपवण्याचं कामही आता ब्रेकवर जास्त आहे. ऑटोमॅटिकचं तेल कंपनीने सांगितल्यापेक्षा लवकर बदललंत तर पैसे वाया जात नाहीत.

क्राउन-पिनियन बदलणं म्हणजे पुढचा आणि मागचा दोन्ही अ‍ॅक्सल उघडणं, कारण रेशो दोन्हीकडे एकच लागतो. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) बसवायची, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर मोजायचा, बेअरिंगचा प्रीलोड जुळवायचा. यात जरा चुकलं की गोळा हजार-पाचशे किलोमीटरमध्येच रडायला लागतो. ३.९ टक्क्यांसाठी हा उद्योग कुणी सुचवत असेल तर दुसरा मेकॅनिक बघा.

नवीन घेणाऱ्यांसाठी जाता जाता: त्याच थारच्या वरच्या मॉडेलला कंपनीच २५५/६५ आर१८ देते. तो ७८८.७ मिमी भरतो, म्हणजे २४५/७५ आर१६ पेक्षा १.९ टक्के मोठा. कागदपत्रांच्या दृष्टीनेही तोच बिनधोक.

प्रश्न : चारही टायर एकदम घेणं परवडत नाही. आत्ता मागे दोन मोठे घालून पुढचे सहा महिन्यांनी घेतले तर? — एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. पार्ट-टाइम (गरजेपुरती चारही चाकं जोडणाऱ्या) फोर-बाय-फोरमध्ये ४-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चाकांचे घेर वेगळे असतील तर शाफ्टना वेगवेगळ्या गतीने फिरायचं असतं, पण फिरता येत नाही. सगळा ताण ट्रान्सफर केसची चेन, गियर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो, लिव्हर अडकते आणि शेवटी काहीतरी तुटतं. स्टेपनीही त्याच साइजची हवी, म्हणजे बजेट पाच टायरचं धरा. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर दाराच्या बिजागरांवर किती भार वाढतोय तेही पाहा. दार उघडून वर-खाली हलवलं आणि खुळखुळलं, तर टायरआधी बिजागरं.

प्रश्न : जिप्सी १.३, टायर २०५/७० आर१५. काळ्या मातीत शेतावर जायला २३५/७५ आर१५ एमटी (मड-टेरेन, चिखलाचे) घालावेत का? — एक वाचक, वरोरा (जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही. ६६८ वरून ७३३.५ मिमी म्हणजे ९.८ टक्के वाढ, आणि इंजिनाकडे टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, तोही ४५०० आरपीएमला. पाचवा गियर कायमचा शोभेचा होईल आणि चिखलात दुसरा ओढणार नाही. काळ्या मातीत नेमका दुसराच लागतो: चाक सतत फिरतं राहिलं तर नक्षीत भरलेली माती बाहेर फेकली जाते. वेग पडला की खाचा भरतात आणि एमटी टायरही गुळगुळीत होऊन बसतो.

मुरमाच्या किंवा जांभ्याच्या रस्त्यावर अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या टणक थराला टेकतो. काळ्या मातीला तसा थर लवकर लागत नाही, म्हणून तिथे रुंदी उपयोगी, हा तुमच्या प्रश्नामागचा अंदाज बरोबर आहे. पण ती रुंदी हवा कमी करूनही मिळते. २१५/७५ आर१५ एमटी घ्या, वाढ ५.३ टक्के, जिप्सीला तेवढी झेपते. शेताच्या तोंडाशी हवा १६-१८ पीएसआयवर आणा. टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि बुडणं कमी होतं. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा. मऊ टायरने ६०-७० ने पळालात तर भिंत तापते आणि आतून चिरते. बाहेरून काही दिसत नाही, टायर आठवड्याने फुटतो.

प्रश्न : आरटीओ आणि विमा कंपनी काय म्हणेल? — अनेक वाचक

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतल्या, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम कडकपणे वाचलं. त्यामुळे मालकाच्या पुस्तिकेत किंवा त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला दिलेला साइज सर्वांत सुरक्षित. त्याबाहेर जाणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. एजंटचं तोंडी ‘चालतं हो’ दाव्याच्या वेळी कुठेच सापडत नाही.

टायरच्या भिंतीवरचा भारांक मूळ टायरइतका किंवा जास्तच हवा. ९४ म्हणजे ६७० किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००. पुढच्या अक्षरावरून वेगमर्यादा कळते: क्यू म्हणजे ताशी १६० किमी, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. एमटी टायर बहुधा क्यू असतात.

प्रश्न : दुबईत जीप रँग्लर स्पोर्ट ऑटोमॅटिक वापरतो, रेशो ३.४५, टायर २४५/७५ आर१७. शुक्रवारी वाळूत जातो. ३३ की ३५ इंच? — एक वाचक, दुबई

उत्तर : ३३ इंच. २८५/७० आर१७ चा व्यास ८३०.८ मिमी, वाढ ३.९ टक्के, आणि आठ गियरची पेटी ती सहज पचवते. ३५ साठी ३१५/७० आर१७ घातलात तर वाढ ९.२ टक्के होते, ३.४५ चा रेशो ३.१६ असल्यासारखा वागतो आणि आठवा गियर क्वचितच लागतो. मऊ वाळूत चढ चढताना नेमका जोर कमी पडतो आणि पेटीचं तेल तापतं. ३५ घालायचेच तर गियर बदलूनच. टायरचा नवा साइज गाडीच्या संगणकात भरून घ्या, म्हणजे काटा आणि गियर बदलण्याची वेळ दोन्ही सुधारतील. वाळूत हवा १२ ते १५ पीएसआय. बीडलॉक (टायरची कड डिस्कला पकडून ठेवणाऱ्या कड्या) नसतील तर इतक्या कमी हवेवर जोरात वळू नका, टायर डिस्कवरून उतरतो.

प्रश्न : पैसे देण्याआधी टायर घासेल की नाही हे कसं कळेल? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक टायर डिस्कसकट उसना मिळवा. ‘त्याच कंपनीचा’ यावर भर आहे, कारण छापील साइज एक असला तरी प्रत्यक्ष व्यास कंपनीगणिक बदलतो, आणि एमटीचे खांदे एटीपेक्षा बाहेर आलेले असतात. तो टायर पुढे एका बाजूला लावा, गाडी सपाट जागेवर घ्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. आतल्या बाजूला सस्पेन्शनचा आर्म किंवा चासी, बाहेर बंपरचा कोपरा, मागे मडगार्डचं प्लॅस्टिक: तिन्हीकडे बोट आत जाईल एवढी फट हवी. फट बोटापेक्षा कमी असेल तर चिखल भरल्यावर ती नाहीशी होते.

मग खरी परीक्षा. मोठा टायर लावलेलं चाक आणि तिरकस समोरचं मागचं चाक आठ-दहा इंच उंच, पक्क्या ठोकळ्यांवर चढवा, म्हणजे चाक मडगार्डमध्ये वर दबेल. गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, उरलेल्या दोन चाकांना उटी, आणि खाली कुणीही शिरायचं नाही. पुन्हा दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा. सपाटीवर मोकळा फिरलेला टायर इथे मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला टेकतो. प्लॅस्टिक गरम हवेच्या पंख्याने वाकवता येतं, बंपरचा कोपरा थोडा कापता येतो. पण आतल्या आर्मला किंवा ब्रेकच्या नळीला टेकत असेल तर तो टायर परत करा.

शेवटी घेर मोजा. टायरवर आणि खाली फरशीवर खडूची खूण करा, चालक आत बसलेला आणि हवा रस्त्याची, मग गाडी चाकाच्या नेमक्या एका फेरीएवढी ढकला आणि अंतर टेपने मोजा. जुन्या टायरचं असंच माप आधी घेऊन ठेवा. दोन मापांतला फरक टक्क्यात काढलात की छापील साइजपेक्षा भरवशाचा आकडा हाती येतो. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोलला (वरचा शेतावरच्या जिप्सीचा अपवाद सोडला तर) तो ४ च्या आत, टर्बो डिझेलला ५ च्या आसपास असेल तर क्राउन-पिनियन आहे तिथेच राहू द्या.